पोर्ट ऑफ स्पेनची रोजनिशी: डबल्सपासून कलालूपर्यंत

बुधवार, रात्री

कॅरिबियनमधल्या त्रिनिदादच्या राजधानीत, पोर्ट ऑफ स्पेनला येऊन आज चौथा दिवस झाला आणि आज पहिल्यांदाच मी केवळ न्याहारीसाठी सकाळी सहा वाजता घराबाहेर पडले. त्रिनिदादमधले लोक सकाळी काय खातात हे पाहायचे असेल तर उपाहारगृहे उघडण्याची वाट पाहत बसू नये, असे घरमालकीणबाईंनी, ज्यांना मी इथल्या रीतीप्रमाणे आंटी म्हणते, काल रात्रीच बजावून ठेवले होते. सेंट जेम्स भागातल्या वेस्टर्न मेन रोडच्या कडेला एक विक्रेता छोट्या गाडीमागे उभा होता आणि त्याच्याभोवती कार्यालयात निघालेली माणसे, शाळेच्या गणवेशातली मुले आणि रात्रपाळी संपवून आलेला एक पहारेकरी असे सगळे मिळून उभे होते. विक्रेत्याने कागदावर दोन मऊ, पिवळसर, तळहाताएवढे "बारा" (तळलेल्या पुऱ्यांसारखे) एकमेकांवर किंचित चढतील असे पसरले, त्यांवर काबुली चण्यांची सैलसर भाजी ओतली, काकडी, चिंचेची चटणी आणि शॅडो बेनी या कोथिंबिरीसारख्या पाल्याची हिरवी चटणी घातली आणि मान वर न करता एवढेच विचारले, "पेपर?" म्हणजे मिरची हवी का. त्यावर "स्लाइट" म्हणजे "अगदी थोडे" असे उत्तर द्यायचे, हेही आंटींनी पढवले होते. इथली मिरची खरोखरच सावधपणे घ्यावी अशी आहे. दक्षिण त्रिनिदादमधल्या मोरुगा गावाच्या नावाची मिरची 2012 मध्ये जगातील सर्वांत तिखट मिरच्यांमध्ये अग्रस्थानी गणली गेली होती.

या पदार्थाचे नाव डबल्स. 1936 च्या सुमारास प्रिन्सेस टाउन या गावी एमामूल दीन आणि त्यांच्या पत्नी रहीमन रसूलन दीन यांनी तो विकायला सुरुवात केली, असे मानले जाते. आधी चणे एकाच बाऱ्यावर मिळत. गिऱ्हाइके दुसरा बारा मागू लागली आणि त्या "डबल"वरून नाव पडले. बारा म्हणजे हिंदीतला बडा, म्हणजेच आपल्या वड्याच्या कुळातला शब्द. मात्र इथे तो मैद्याचा, हळद घातलेला आणि यीस्टने फुगवलेला असतो. पहिल्या घासाला मी मनात "छोले-भटुरे" म्हटले आणि दुसऱ्या घासाला तो शब्द मागे घेतला. चण्यांना कांदा-टोमॅटोचा दाट रस्सा नव्हता, गरम मसाल्याचा घमघमाट नव्हता. बारा कुरकुरीत नव्हता, उलट रस पिऊन इतका मऊ झाला होता की चिमटीत धरून तोंडाशी नेताना तो तुटत होता. शॅडो बेनीची पाने लांबट आणि दातेरी असतात, त्यांचा वास कोथिंबिरीच्या वासासारखा, पण कितीतरी उग्र असतो, आणि भारतीय वंशाचे लोक तिला "बनधनिया" म्हणतात. आपल्या ओळखीच्या पदार्थाची बिघडलेली प्रत म्हणून डबल्सकडे पाहिले असते तर मी त्याच्यावर अन्यायच केला असता.

खाऊन झाल्यावर मी आजूबाजूच्या गल्ल्यांतून चालत गेले. कलकत्ता स्ट्रीट, दिल्ली स्ट्रीट, लखनौ स्ट्रीट, मद्रास स्ट्रीट अशा पाट्या समुद्रापासून हाकेच्या अंतरावर वाचताना पाऊल आपोआप मंदावते. 1838 मध्ये गुलामगिरीचे उरलेसुरले बंध तुटले, उसाच्या मळ्यांना स्वस्तातले हात हवे होते, आणि 30 मे 1845 रोजी भारतीय करारबद्ध मजुरांचे पहिले जहाज या बेटाला लागले. 1917 पर्यंत सुमारे 1,44,000 माणसे अशी आणली गेली. त्यांतली बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश आणि बिहारकडची होती. त्यामुळे इथल्या चुलीवरचे शब्द माझ्या आजोळचे नाहीत, तरीही ते कानाला चटकन ओळखू येतात: तव्याला तवा, जिऱ्याला गीरा, वांग्याच्या भरताला बैगन चोका आणि फोडणी देण्याला "चुंके" करणे.

शुक्रवार, रात्री

आज संध्याकाळ एरियापिटा ॲव्हेन्यूवर घालवली. उपाहारगृहे, मद्यालये, चिनी खाणावळी, लेबनीज पद्धतीचे गायरो (पोळीत गुंडाळलेले मांस) विकणाऱ्या गाड्या आणि समुद्रापलीकडच्या व्हेनेझुएलातून आलेल्यांचे आरेपा (मक्याच्या पिठाच्या जाड भाकऱ्या), असे सगळे एकाच रस्त्यावर आहे. चिनी मजूर इथे 1806 मध्येच आणले गेले होते, म्हणजे भारतीयांच्या जवळपास चाळीस वर्षे आधी. रस्ता देखणा आहे, पण मोठ्या आवाजातले संगीत आणि महाग पेये यांत माझे मन फार रमले नाही.

मनात राहिला तो पेलाव. तेलात साखर जवळजवळ काळी होईपर्यंत जाळतात, त्यात मसाला लावलेली कोंबडी परततात, मग तांदूळ, नारळाचे दूध आणि "पिजन पीज" घालून सगळे एकाच भांड्यात शिजवतात. हे पिजन पीज म्हणजे आपल्या तुरीचे ओले दाणे आहेत, हे मला पहिल्या घासालाच कळले; हिवाळ्यात शेंगा सोलून केलेल्या आमटीची तीच चव होती. मात्र ही तूर मजुरांच्या गाठोड्यातून आलेली नाही. भारतातून ती फार पूर्वीच आफ्रिकेत गेली होती आणि तिथून गुलामांना वाहून नेणाऱ्या जहाजांच्या काळात या बेटांवर आली. साखर जाळून मांसाला रंग आणि चव देण्याची रीतही आफ्रिकी स्वयंपाकातूनच आल्याचे सांगतात. एकाच ताटातली ओळखीची वस्तू ओळखीच्या वाटेने आलेली असतेच असे नाही, ही गोष्ट मला पेलावच्या त्या ताटापुढे कळली आणि त्यानंतर इथे "हे आपलेच" असे चटकन म्हणायला माझी जीभ कचरू लागली.

रविवार, संध्याकाळ

काल डोंगर ओलांडून मराकसच्या किनाऱ्यावर जाऊन आले. तिथला "बेक अँड शार्क" प्रसिद्ध आहे: तळून फुगवलेल्या पावात मसाला लावून तळलेला शार्क, आणि वर चिंचेची, लसणाची, शॅडो बेनीची अशा हव्या तितक्या चटण्या आपल्या हाताने घालून घ्यायच्या. कोकणात मोरी, म्हणजे छोटा शार्क, खाऊन वाढलेल्या मला चवीचे नवल वाटले नाही, पण शार्क सावकाश वाढतो आणि त्याला पिल्ले थोडी होतात हे ठाऊक असल्यामुळे दुसऱ्यांदा मी किंगफिश मागितला. तो आपल्या सुरमईचा जवळचा नातलग आहे, आणि मला तोच अधिक आवडला.

आजचा दिवस मात्र आंटींच्या स्वयंपाकघराचा. त्रिनिदादमध्ये रविवारचे जेवण म्हणजे कलालू (घोटलेल्या पालेभाजीचा प्रकार), "मॅकरोनी पाय" (चीज घालून भाजलेली मॅकरोनी), रश्श्यातली कोंबडी आणि लाल घेवडा. आंटी आफ्रिकी वंशाच्या आहेत आणि कलालू त्यांनी त्यांच्या आजीकडून घेतला आहे. सकाळी त्यांनी ओट्यावर "डॅशीन"च्या पानांची जुडी ठेवली आणि मी बघतच राहिले, कारण ती अळूची पाने होती. तीच हृदयाच्या आकाराची पाने, पाणी टाकले की मोत्यासारखे थेंब घरंगळतात ती. मी देठ सोलायला बसले आणि माझे हात आपोआप चालू लागले, तेव्हा आंटी हसून म्हणाल्या, "तुला हे कोणी शिकवले, डार्लिंग?" मी म्हणाले, "आईने, आंटी."

त्यांनी पाने चिरून त्यात भेंडी, लाल भोपळा, कांदा, लसूण, थाइम आणि शॅडो बेनी घातली, नारळाचे दूध ओतले आणि स्वच्छ केलेले निळे खेकडे वरून सोडले. चिंच नाही, कोकम नाही. मला घशातल्या खाजेची काळजी वाटली आणि मी तसे विचारलेही. "घाई केलीस तर खाजेल," एवढेच त्यांनी उत्तर दिले आणि आच मंद केली. शेवटी एक आख्खी स्कॉच बॉनेट मिरची रसावर अलगद ठेवली. ती फुटता कामा नये, तिचा फक्त सुगंध उतरला पाहिजे, असे सांगून त्यांनी राखण करण्याचे काम मला दिले, आणि पाऊण तास मी त्या मिरचीवरून नजर हलवली नाही.

मिरची आणि खेकडे बाजूला काढल्यावर घोटण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी खणातून लाकडी रवी काढली. तिला त्या स्विझल स्टिक म्हणतात. शेजारच्या भारतीय वंशाच्या घरात तशाच रवीला "दाल घुटनी" म्हणतात आणि तिने वरण घोटतात. दोन्ही तळव्यांत दांडी फिरवत आंटी कलालू घोटू लागल्या आणि मला श्रावणातले आमचे माजघर आठवले: हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे आणि मुळ्याच्या चकत्या घातलेली अळूची भाजी, तिला लावलेले चिंच-गूळ, आणि केळीच्या पानावर मधोमध पडलेला तिचा हिरवा गोळा. एक भाजी व्रतवैकल्यांच्या पानावरची, दुसरी खेकड्यांसह शिजलेली. त्या दोघींना एकमेकींचा पत्ताही नाही. तरीही दोन्हीकडच्या बायकांनी या खाजऱ्या पानापुढे तोच धीर धरला आणि रवीची तीच फिरत शोधली.

चव वेगळीच होती. आंबटगोडाचा मागमूसही नव्हता. नारळाचा गोडवा, भेंडीचा गुळगुळीतपणा, खेकड्याचा खारट समुद्र आणि त्या न फुटलेल्या मिरचीचा फळासारखा वास. मी दोनदा वाढून घेतले. आंटींना मी अळूवडीबद्दल सांगितले, तेव्हा त्यांनी ताबडतोब "सहिना" असे नाव घेतले. डॅशीनच्या पानांना डाळीचे पीठ लावून, गुंडाळी करून, चकत्या तळून केलेला हा पदार्थ दक्षिणेकडच्या डेबे गावी रस्त्याच्या कडेला मिळतो, आणि परवा तिकडे जायचे आम्ही ठरवले आहे.

उरलेला कलालू आंटींनी डब्यात भरून माझ्या खोलीतल्या फ्रिजमध्ये ठेवला आहे. त्रिनिदादमध्ये संध्याकाळ आहे, म्हणजे रत्नागिरीत मध्यरात्र उलटली असेल. आईला आता उठवता येणार नाही. उद्या विचारायचे आहे की गोव्याकडच्या अळूच्या आळवतीत जसा नारळ पडतो, तसे तिच्या अळूच्या भाजीत नारळाचे दूध घालून पाहायला तिची हरकत आहे का.