सोल्डर मारताना पार्ट धरायचा कशाने?

सोल्डरिंग आयर्न कोणता घ्यावा यावर सगळेच बोलतात भो, पण एका हातात आयर्न, दुसऱ्यात सोल्डर वायर, मग बोर्ड आणि पार्ट धरणार कोण? आमच्याकडे मोटारीच्या ऑटो स्टार्टरचे बोर्ड येतात, यावल-रावेरकडच्या केळीवाल्यांचे उन्हाळ्यात जास्तच, आणि ऐन मे महिन्यात केळीचं पाणी थांबलं की माणूस बोर्ड हातात घेऊनच दुकानात बसतो, त्यामुळे काम पटकन पण पक्कं लागतं.

ते 'थर्ड हँड' मिळतं ना, दोन मगर क्लिपा आणि वर भिंग, ते दिसायला झकास. पण बेस हलका, ट्रान्सफॉर्मरवाला बोर्ड लावला की पुढे झुकतं, नट कितीही आवळा हात हळूहळू खाली येतोच. क्लिपचे दात वायरीचं इन्सुलेशनही चावतात, दातांवर हीट श्रिंक ट्यूब चढवली तर जरा बरं. आणि क्लिप पॅडला (बोर्डावरचा तांब्याचा ठिपका, जिथे पार्ट जोडतो) चिकटून लावली की उष्णता तीच ओढून घेते, सोल्डर पसरतच नाही, नुसता गोळा होतो. (एलईडीचा पाय गरम होऊ द्यायचा नसेल तर मात्र हीच गोष्ट कामाची, जॉइंट आणि एलईडीच्या मध्ये क्लिप लावायची.)

माझं म्हणणं एवढंच की बोर्ड पूर्ण वेळ धरावा लागतो, पार्ट फक्त दोन-चार सेकंद. म्हणून पैसे बोर्डाच्या होल्डरवर घाला, मोबाईल रिपेअरीवाले वापरतात तो स्प्रिंगचा, जेवढा जड तेवढा चांगला. पार्टला चिमटी बास. ०८०५ साइजचा बिनपायाचा रेझिस्टर म्हणजे २ मिमी बाय सव्वा मिमी, घामेजल्या बोटांनी तो काय धरणार! आधी एकाच पॅडवर थोडं सोल्डर घ्यायचं, ते वितळवत चिमटीने पार्ट सरकवायचा, आयर्न उचलायचा आणि सोल्डर गोठेपर्यंत हलायचं नाही, मग दुसरी बाजू निवांत. चिमटी बिनचुंबकी घ्या, नाहीतर पार्टच्या टोकांना निकेल असतं, तो चिमटीलाच चिकटून वर येतो.

हलायचं नाही का, तर ६०/४० चं (६० टक्के कथील, ४० टक्के शिसं) सोल्डर साधारण १९० पासून १८३ डिग्रीपर्यंत लापशीसारखं असतं, तेवढ्यात पार्ट हलला की जॉइंट मळकट, दाणेदार होतो, आणि पुढे स्टार्टरच्या थरथरीने तिथेच ड्राय सोल्डर, म्हणजे वरून जोडलेला दिसतो पण आतून सुटलेला जॉइंट. ६३/३७ चं थेट १८३ ला गोठतं, मी तेच वापरतो.

पायवाले पार्ट बोर्ड उलटा केला की पडतात, त्यांचे पाय थोडे फाकवा नाहीतर कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी पिवळी टेप) लावा, साधी सेलोटेप उष्णतेने आकसते. हेडर पिना (बोर्डावर ओळीने उभ्या असतात त्या) सरळ राहाव्यात म्हणून लोक ब्रेडबोर्डात (सोल्डर न करता जोडणी करायचा भोकांचा बोर्ड) खोचतात, जास्त तापलं तर त्याचं प्लास्टिक जातं, त्यापेक्षा फिमेल हेडरमध्ये, म्हणजे पिना बसायच्या सॉकेटात, खोचा, स्वस्तात काम.

वायरीला वायर जोडायची तर नोज प्लायरच्या मुठीला रबर बँड गुंडाळतो, झाला शिकंजा. शेजारचा दुकानदार बघून म्हणतो, "हाई काय शे भो?" पण दुसऱ्या दिवशी त्याच्याही टेबलावर तेच.

थर्ड हँडचं भिंग तेवढं काढून ठेवलंय, रेझिस्टरवर १०३ (१० किलोओहम) आहे की १०२ (१ किलोओहम) ते वाचायला बरं पडतं.