तुम्ही विचारलंत म्हणून: क्लच कोण घासणार?

प्रश्न नेहमी एकाच साच्यात येतो. "गाडी पळवायची हौस आहे, रोज ऑफिसलाही हीच न्यायची आहे, महिन्यातून एकदोनदा घाट. मॅन्युअल घेऊ की ऑटोमॅटिक?" आणि पाठोपाठ, "खरा ड्रायव्हर मॅन्युअलच घेतो ना?"

घड्याळापुरतं बोलायचं तर हा वाद केव्हाच मिटला आहे. पोर्शे ९११ जीटी३ ची ९९२ मालिका घ्या. कंपनीच्याच आकड्यांप्रमाणे पीडीके म्हणजे डबल क्लच गिअरबॉक्स असलेली गाडी शून्यावरून शंभरला ३.४ सेकंदांत जाते, सहा गिअरच्या मॅन्युअलला ३.९ लागतात. मॅन्युअल १७ किलोंनी हलकी, तरीही मागे. ४६० पीएसच्या (पीएस म्हणजे साधारण हॉर्सपॉवरच) बीएमडब्ल्यू एम२ मध्ये हाच हिशेब ४.१ आणि ४.३ असा आहे. तुमचा पाय आणि हात कितीही सरावलेला असो, क्लच दाबून, गिअर बदलून, क्लच सोडेपर्यंत चाकांना जाणारा जोर तुटतोच. डबल क्लचमध्ये पुढचा गिअर आधीच लागून बसलेला असतो. एक क्लच सुटत असतानाच दुसरा पकडतो, जोर तुटत नाही.

तरी गंमत पाहा. पोर्शेने २०१३ मध्ये जीटी३ फक्त पीडीकेवर आणली. वेगाच्या दृष्टीने निर्णय बिनचूक होता, पण गिऱ्हाइकांची कुरकुर थांबेना. २०१६ मध्ये कंपनीने फक्त मॅन्युअलमध्ये ९११ आर काढली, मोजून ९९१ गाड्या, आणि २०१७ च्या जीटी३ मध्ये मॅन्युअलचा पर्याय परत आला. सेकंदाच्या दहाव्या भागासाठी पैसे मोजणारी माणसंच हळू गिअरबॉक्स मागत होती. तेव्हा हौस हा मुद्दा खोटा नाही. फक्त त्या हौसेचं बिल कशात येतं, ते आधी समजून घ्यावं.

मी उलटा प्रश्न विचारतो: क्लच कोण घासणार, आणि कुठे?

उभी गाडी हलवायची तर इंजिन फिरतंय आणि चाकं थांबलेली, हा फरक कुठेतरी घसरून भरून काढावाच लागतो. त्या घसरण्याची उष्णता होते. किती, ते बघू. माणसांसकट १५०० किलोंची गाडी, दहा टक्क्यांचा चढ (दहा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर), समोर ट्रक थांबलेला, आणि तुम्ही ब्रेकऐवजी हाफ क्लचवर गाडी धरून ठेवली आहे. पहिल्या गिअरमध्ये क्लचवर साधारण ३३ न्यूटनमीटरचा भार (फिरवणारा जोर म्हणजे टॉर्क, तो न्यूटनमीटरमध्ये मोजतात) येतो आणि इंजिन हजार आरपीएमवर. गुणाकार केला की तीन किलोवॅटच्या वर उष्णता निघते. म्हणजे बाथरूममधला इन्स्टंट गीझर, तोही पाण्याशिवाय, क्लच हाऊसिंगच्या बंद डब्यात चालू ठेवलेला. तिसऱ्या मिनिटाला येणारा जळका वास त्याचाच.

मॅन्युअलमध्ये हा गीझर चालू करायचा की नाही, हे तुमचा डावा पाय ठरवतो. ऑटोमॅटिकमध्ये काय होतं, हे ती ऑटोमॅटिक कोणती यावर अवलंबून. एकाच शब्दाखाली तीन वेगळी यंत्रं दडलेली आहेत आणि शोरूममध्ये कुणी ती वेगळी करून सांगत नाही. (एएमटी, म्हणजे साध्या मॅन्युअलचाच क्लच-गिअर यंत्राने हलवणारी, आणि सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेली, यांचा इथे विचार करत नाही. पळवायच्या गाडीत पहिलीचे हिसके आणि दुसरीचं रबरासारखं ताणलं जाणं, दोन्ही नकोत.)

पहिलं यंत्र, कोरडा डबल क्लच. आपल्याकडे सगळ्यात जास्त चर्चा याचीच होते, कारण चाकणच्या कारखान्यात बनणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टस जीटी प्लसमध्ये तो आहे. दीड लिटरचं टर्बो पेट्रोल, १५० पीएस, २५० न्यूटनमीटर, जोडीला सहा गिअरची मॅन्युअल किंवा सात गिअरची डीएसजी (फोक्सवॅगनचं डबल क्लचला दिलेलं नाव). या डीएसजीचं कारखान्यातलं नाव डीक्यू२०० आणि तिची मर्यादा २५० न्यूटनमीटर. इंजिनही तेवढंच देतं, म्हणजे गिअरबॉक्स काठोकाठ भरलेला आहे. रीमॅप करून, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून, टॉर्क वाढवायचा विचार असेल तर हा आकडा लक्षात ठेवा. २०१६ मध्ये आपल्याकडे आलेल्या पोलो जीटीआयमध्ये १.८ लिटरचं इंजिन होतं. युरोपात तेच इंजिन मॅन्युअलबरोबर ३२० न्यूटनमीटर देत होतं आणि या डीएसजीबरोबर २५०. गिअरबॉक्स वाचवण्यासाठी कंपनीने स्वतःच इंजिनाचा हात आखडला होता. गावातला ट्यूनर "काही होत नाही हो" म्हणतो तेव्हा हे उदाहरण आठवावं.

कोरड्या क्लचला थंड करायला तेल नसतं, फक्त हवा. बंपर टू बंपर ट्रॅफिकमध्ये तुम्ही ब्रेकवर अर्धवट पाय ठेवून गाडी रांगवत नेता, तेव्हा कॉम्प्युटर तुमच्या वतीने हाफ क्लचवर बसलेला असतो. उपाय साधे आहेत, पण सवय लावावी लागते. पुढच्या गाडीपासून दोन गाड्यांची जागा मोकळी होईपर्यंत थांबा, मग ब्रेकवरून पाय पूर्ण उचलून एकदाच पुढे जा, म्हणजे क्लच पूर्ण धरेल. थांबताना ब्रेक ठाम दाबा. ठाम ब्रेकवर क्लच सुटतो. हलक्या ब्रेकवर तो ढकलत राहतो. चढावर ॲक्सिलरेटरने गाडी तोलून धरू नका. जाम लागलेल्या घाटात मॅन्युअल मोडवर पहिला गिअर धरून ठेवा, नाहीतर पहिला-दुसरा-पहिला असा खेळ चालू राहतो आणि प्रत्येक फेरीत प्लेट थोडी खाते. सगळ्यात वाईट म्हणजे सोसायटीच्या बेसमेंटच्या रॅम्पवर रिव्हर्समध्ये इंचाइंचाने वर चढवणं. तोंड रस्त्याकडे करून लावायची हौस असेल तर खालीच वळवून लावा.

याच गिअरबॉक्सचा दुसरा दुखरा भाग म्हणजे मेकॅट्रॉनिक, क्लच आणि गिअर हलवणारा हायड्रॉलिक-इलेक्ट्रॉनिक ठोकळा. २०१३ मध्ये फोक्सवॅगनने सात गिअरच्या डीएसजीतलं सिंथेटिक तेल बदलून मिनरल तेल घालण्यासाठी जगभरच्या सोळा लाख गाड्या परत बोलावल्या होत्या. उष्ण आणि दमट हवेत त्या तेलामुळे आतल्या वीजपुरवठ्यात बिघाड होत होता. मुंबईच्या हवेचं वेगळं वर्णन करायला नको. त्या काळातली जुनी गाडी घेत असाल तर हे काम झाल्याची नोंद सर्व्हिस रेकॉर्डमध्ये बघा.

दुसरं यंत्र, ओला डबल क्लच. प्लेटी तेलात बुडालेल्या, उष्णता तेल वाहून नेतं, म्हणून टॉर्कही जास्त झेपतो. सहा गिअरची डीक्यू२५० साधारण ३५० न्यूटनमीटर घेते. किंमत मोजावी लागते ती तेलाच्या वेळापत्रकात: दर ६०,००० किलोमीटरला तेल आणि फिल्टर, आणि पातळी मोजायची ती तेल ३५ ते ४५ अंशांवर असताना, इंजिन चालू ठेवून. थंड तेलावर पातळी बघून नट आवळणारा मेकॅनिक दिसला तर गाडी उचलून दुसरीकडे न्या.

डबल क्लच कोरडा असो की ओला, एक खोड सारखी. १, ३, ५, ७ एका शाफ्टवर, २, ४, ६ दुसऱ्यावर. तुम्ही चौथ्यात जोरात चाललात की कॉम्प्युटर पाचवा तयार ठेवतो. त्याच क्षणी समोर टेम्पो आडवा आला आणि तुम्ही पॅडलने (स्टिअरिंगमागच्या गिअरच्या पट्टीने) तिसरा मागितलात, की आधी पाचवा काढायचा, मग तिसरा लावायचा. तेवढा विचार करणारा क्षण जाणवतो. उपाय असा की ओव्हरटेकच्या आधीच, मनात आल्याबरोबर पॅडल दाबा.

तिसरं यंत्र, टॉर्क कन्व्हर्टर. इथे घसरण्याचं काम तेलच करतं, निघताना घासायला प्लेटच नसते. वेग आला की लॉकअप क्लच लागतो आणि इंजिन-गिअरबॉक्स थेट जोडले जातात. पूर्वी याला सुस्त म्हणून हिणवायचे. आता बीएमडब्ल्यूने एम३ मधून डबल क्लच काढून आठ गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर घातला आहे. एवढंच नाही, नव्या एम३ ची मॅन्युअल ४८० पीएस आणि ५५० न्यूटनमीटरवर थांबली, तर ऑटोमॅटिक असलेली 'कॉम्पिटिशन' नावाची एम३ ५१० आणि ६५० ने आली. म्हणजे इथे ताकदीचा मान ऑटोमॅटिकला. रोजचा ट्रॅफिक आणि अधूनमधून वेग, दोन्ही हवं असेल आणि बजेट पुरत असेल, तर माझं मत सरळ याच्या बाजूने. फक्त 'लाइफटाइम ऑइल' या शब्दावर विश्वास ठेवू नका. हे गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला तेल बदला म्हणते.

आता मॅन्युअल. घ्यायची तर तिच्याकडून जे काम मिळतं ते करून घ्या, नाहीतर डाव्या गुडघ्याला उगीच त्रास. ते काम म्हणजे खालचा गिअर टाकताना आरपीएम जुळवणं. समजा तिसऱ्याचं गुणोत्तर १.४ आणि दुसऱ्याचं २.१. तिसऱ्यात ३,००० आरपीएमवर असाल तर त्याच वेगाला दुसऱ्यात इंजिन ४,५०० वर हवं. सिंक्रो (गिअरबॉक्समधली वेग जुळवणारी रिंग) गिअर जुळवून देतो, पण इंजिनाला ३,००० वरून ४,५०० वर ओढायचं काम क्लच प्लेटच्या गळ्यात पडतं. गाडीला हिसका बसतो, आणि ओल्या घाटात वळणाच्या तोंडावर पुढची चाकं क्षणभर पकड सोडू शकतात.

म्हणून हील अँड टो. उजव्या पायाच्या चवड्याने ब्रेक दाबा, वेग हवा तेवढा उतरू द्या. ब्रेक तसाच ठेवून क्लच दाबा, गिअर दुसऱ्यात घ्या, आणि त्याच उजव्या पायाची बाहेरची कड ॲक्सिलरेटरवर कलती करून एक टप द्या. सुई साडेचारच्या आसपास चढते, तेव्हाच क्लच सोडा. चूक नेहमी एकाच जागी होते: टप देताना ब्रेकवरचा दाब बदलतो आणि गाडी डुलते. आधी बंद गाडीत, मग रिकाम्या सरळ रस्त्यावर सराव करा, वळण शेवटी. काही गाड्यांत हे काम कॉम्प्युटर करतो. निसानने २००९ च्या ३७० झेडमध्ये ते मॅन्युअलला आणून बसवलं. शिकणाऱ्याने ते बंद ठेवावं.

मॅन्युअलचा सगळ्यात महागडा अपघात रस्त्यावर काहीही न आपटता होतो. तिसऱ्यात ६,००० वर आहात, चौथा टाकायचा आहे. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, गिअर डाव्या हाताला. घाईत मूठ आवळली आणि हात अंगापासून दूर ढकलला गेला, की चौथ्याऐवजी दुसरा लागतो. क्लच सोडलात की चाकं इंजिनाला ९,००० वर नेतात. रेव्ह लिमिटर इथे कामाचा नाही. तो फक्त पेट्रोल तोडतो, चाकांकडून येणारा जोर त्याला अडवता येत नाही. व्हॉल्व्ह वेळेवर बंद होत नाहीत, पिस्टन त्यांना धडकतो, हेड उघडावं लागतं. ऑटोमॅटिकमध्ये अशी मागणी कॉम्प्युटर सरळ नाकारतो. टाळायचं कसं? तिसऱ्यातून चौथ्यात जाताना दांडा फक्त बोटांनी सरळ मागे ओढा. तिसरा-चौथा या रेषेत तो स्प्रिंगमुळे आपोआप येतो, त्याला दिशा द्यायला जाऊ नका. इंजिन माउंट सैल झालेल्या गाडीत जोरावर असताना इंजिन डुलतं आणि दांड्याची रेषाही हलते, म्हणून माउंट आधी बदला.

क्लच संपत आला का, हे पाहायला गॅरेज लागत नाही. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये २,००० आरपीएमवर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. सुई चढली आणि वेग त्या मानाने वाढला नाही, तर प्लेट गेली. बदलताना प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदला. मजुरी गिअरबॉक्स उतरवण्याची असते, पार्टची नाही. ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनाचे हादरे शोषणारं दोन भागांचं जड चाक) असेल तर तेही तेव्हाच हलवून बघायला सांगा, बंद करताना खडखडत असेल तर आताच बदला. गिअर ऑइल जीएल-४ सांगितलं असेल तिथे जीएल-५ घालू देऊ नका, पितळी सिंक्रो रिंगांना ते बाधतं. आणि बहुतेक गाड्यांत क्लचचं तेल ब्रेकच्याच डब्यातून येतं, दोन वर्षांनी ते तेल (डॉट ४) बदललं की घाटानंतर पेडल मऊ पडण्याची तक्रार अर्ध्या वेळा तिथेच संपते.

टेस्ट ड्राइव्हला शोरूमवाला मोठ्या रस्त्यावर नेतो. तिथे सगळेच गिअरबॉक्स छान वाटतात. तुम्ही गाडी संध्याकाळी सातला मागा. अर्धा तास ट्रॅफिकमध्ये काढा, मग मॉलच्या पार्किंगचा चढ शोधून तिथे थांबा, पुढे निघा, पुन्हा थांबा. डबल क्लच असेल तर तिसऱ्या-चौथ्या वेळेला निघताना थरथर येते का ते बघा. मॅन्युअल असेल तर डाव्या गुडघ्याकडे लक्ष द्या.