महाराष्ट्र मालिका: पाचपैकी तीन डबे गेले, पुढचं काम सुरू

इंग्लंडमधल्या डेव्हनच्या डार्टमूर या माळरानावर (आम्ही त्याला नुसतं मूर म्हणतो) लेटरबॉक्सिंग, म्हणजे शिक्का आणि वही असलेले डबे लपवण्या-शोधण्याचा छंद चालतो. तिथे महाराष्ट्राच्या राज्यप्रतीकांवरून मी पाच डब्यांची मालिका ठेवली आहे. तिच्यातले शेकरू, हरियाल आणि ताम्हण हे तीन डबे आता जागेवर नाहीत. आंबा आणि ब्लू मॉर्मन (फुलपाखरू) सुखरूप आहेत. गेल्या उन्हाळ्यात ज्यांनी मालिका पूर्ण केली त्यांनी आपापल्या वहीतले ठसे जपून ठेवा. ते शिक्के मी पुन्हा कापणार आहे, पण हाताने कापलेला शिक्का दुसऱ्यांदा हुबेहूब तसाच होत नाही.

नवीन मंडळींसाठी थोडं मागचं. डेव्हनमध्ये १८५४ साली चॅगफर्डचे वाटाडे जेम्स पेरॉट यांनी क्रॅनमीअर पूल या आडबाजूच्या, दलदलीने वेढलेल्या जागी एक बाटली ठेवली. इतक्या लांब जो चालत येईल त्याने आपलं व्हिजिटिंग कार्ड त्यात टाकावं, एवढाच हेतू. पुढे लोक स्वतःचा पत्ता लिहिलेली पोस्टकार्डं ठेवू लागले आणि नंतर येणारा अनोळखी माणूस ती नेऊन पोस्टात टाकू लागला. डार्टमूरवर आयुष्यभर लिहिणाऱ्या विल्यम क्रॉसिंग यांच्या स्मरणार्थ १९३८ मध्ये डक्स पूललाही पेटी बसली. आता मूरवर हजारो डबे आहेत: औषधाच्या गोळ्यांची प्लास्टिकची डबी, आत रबरी शिक्का आणि छोटी वही. आपण डब्यातला शिक्का आपल्या वहीत उठवायचा, आपला शिक्का डब्यातल्या वहीत. क्रॅनमीअरची ती बाटली टिकायला तिथवरची पायपीटच पुरेशी होती. माझे डबे गाडी लावून तासाभरात गाठता येतात.

मार्च

ब्रिस्टलच्या काकूंचा फोन आला. "अगं, शेकरू काही सापडला नाही. दगड तोच, काकांनी बेअरिंग (होकायंत्रावरचे दिशेचे अंश) दोनदा घेतलं." काकांचं होकायंत्र कसं चालतं ते मला माहीत आहे, म्हणून लगेच पुढच्या शनिवारी गेले. डबे ज्या टॉरवर, म्हणजे खडकाळ माथ्याच्या टेकडीवर आहेत, तिचं नाव इथे मुद्दाम देत नाही. टॅव्हिस्टॉकहून प्रिन्सटाउनकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दक्षिणेला आहे, एवढं पुरे. लष्कराच्या गोळीबाराचं क्षेत्र रस्त्याच्या पलीकडे उत्तरेला, त्यामुळे लाल बावट्यांचा प्रश्न नव्हता.

शेकरूची जागा टॉरखालच्या धोंड्यांच्या सड्यात होती. एका मोठ्या शिळेखाली कोपरापर्यंत हात जाईल अशी सांद, आणि तोंडाशी चपटा दगड. दगड नीट लावलेला होता. आत पिशवी होती, तिची गाठही मारलेली. पिशवीत डबी, डबीचं झाकण घट्ट फिरवलेलं. उघडली तर शाईचं पॅड आणि पेन्सिल तेवढी शिल्लक. शिक्का नाही, वही नाही.

ते घट्ट लावलेलं झाकण बघून मी बराच वेळ तिथेच बसून राहिले. मेंढरू झाकण फिरवत नाही, पोनी फिरवत नाही, पावसाच्या पाण्याने गाठ बसत नाही. कोणीतरी निवांत बसून हवं ते काढून घेतलं आणि बाकीचं व्यवस्थित मिटून ठेवलं.

हरियालची गोष्ट निराळी. तिथे डबीसकट सगळंच गेलं होतं आणि सांदीत गवताचं ढेकूळ कोंबलेलं होतं. ताम्हणाकडेही तेच. त्यामुळे दोन वेगवेगळे हात असावेत असं मला वाटतं. एकाला शिक्का हवा होता, दुसऱ्याला मूरवर प्लास्टिकच नको होतं.

एप्रिल

चोरी म्हणण्याआधी बाकीच्या शक्यता एकेक करून खोडल्या. प्रत्येक गायब डब्यामागे चोर नसतो, आणि गटात विनाकारण संशयाचं वातावरण झालेलं मला नको आहे.

पहिली शक्यता आगीची. डोंगराळ भागात १ ऑक्टोबर ते १५ एप्रिल या काळात गवत आणि हीदरची झुडपं नियमांनुसार जाळता येतात. डार्टमूरवर त्याला स्वेलिंग म्हणतात. उतार जळला की प्लास्टिकची डबी वितळून जाते. माझ्या तिन्ही जागांजवळ काळं पडलेलं एक झुडूपही नव्हतं. दुसरी शक्यता अशी, की आधीच्या माणसाने डबी चुकीच्या सांदीत परत ठेवली. हे फार वेळा होतं, म्हणून आजूबाजूच्या सगळ्या कपारी टॉर्च लावून पाहिल्या. भर उन्हाळ्यात हे जमलं नसतं, कारण तेव्हा नेचे कमरेएवढे वाढतात. तिसरी शक्यता, नियम मोडला म्हणून जागेची देखरेख करणाऱ्यांनी डबा काढला. पाषाणरांगा, प्राचीन दगडी कबरी, दगडांच्या रचलेल्या राशी, भिंती यांत डबा ठेवायचा नाही, सिमेंट वापरायचं नाही, माती उकरायची नाही, हे नियम आपण सगळे पाळतो. माझे तिन्ही डबे नैसर्गिक सांदीत होते.

मग कधी गेले ते शोधलं. ही युक्ती लक्षात ठेवा: गेलेल्या डब्याची तारीख शेजारच्या डब्यांच्या वह्यांत मिळते. त्याच टॉरवर इतरांचेही डबे आहेत. त्यांच्या वह्या उघडून कोण कधी आलं ते पाहिलं आणि ओळखीच्या शिक्क्यांच्या मालकांना निरोप पाठवले. नाताळच्या सुट्टीत एका जोडप्याला शेकरू मिळाला होता, फेब्रुवारीच्या अखेरीस दुसऱ्या कुटुंबाला नाही. म्हणजे जे झालं ते या मधल्या काळात. एक मात्र बजावून सांगते. वहीत ज्याचा शिक्का आहे त्याच्यावर संशय घेऊ नका. तारखेसह आपली खूण सोडणारा माणूस उघडपणे आलेला असतो.

कायद्याचं कोणी विचारलं होतं. दगडाखाली जपून ठेवलेला डबा म्हणजे मालकाने टाकून दिलेली वस्तू नव्हे, त्यामुळे तो कायमचा आपला करण्याच्या इराद्याने अप्रामाणिकपणे नेणं ही इंग्लंडच्या १९६८ च्या कायद्यानुसार चोरीच होते. पण दुसरी बाजूही खरी आहे. डार्टमूर कॉमन्सवर (सामायिक चराऊ जमिनींवर) पायी आणि घोड्यावरून फिरण्याचा हक्क १९८५ च्या कायद्याने मिळालेला आहे, तिथे वस्तू ठेवण्याचा नाही. जमीन कोणाची तरी आहेच, मोठा भाग डची ऑफ कॉर्नवॉलचा, म्हणजे ब्रिटिश युवराजांच्या जहागिरीचा. आपले डबे लोकांच्या समजूतदारपणावर टिकून आहेत. म्हणून गवताचं ढेकूळ कोंबणाऱ्या त्या माणसावर माझा तेवढा राग नाही. त्याला मोकळं माळरान हवं असेल, तर त्याच्याशी बोलायची माझी तयारी आहे. ज्याने शेकरू नेला आणि झाकण लावलं, त्याचं मात्र मला समजत नाही. तो ठसा फुकट मिळतच होता, वहीत उठवून न्यायचा एवढंच.

आणि वही! शिक्का मी पुन्हा कापीन. वहीत टॅव्हिस्टॉकच्या एका आजींनी दर भेटीला काढलेलं नवं पाखरू होतं. लेकीकडे आलेल्या कोथरूडच्या एका गृहस्थांनी पानभर तुळशीवृंदावन काढून खाली "इथे शेकरू भेटेल असं वाटलं नव्हतं" असं लिहिलं होतं. ऑक्टोबरपर्यंतच्या पानांचे फोटो माझ्याकडे आहेत. त्यानंतरचं सगळं गेलं.

मे

आंबा आणि ब्लू मॉर्मन का वाचले? पहिल्या तीन डब्यांचे क्लू छापील कागदावर सरळ दिलेले होते: अमुक अंश, तमुक पावलं. चौथ्याचं बेअरिंग पहिल्या तीन शिक्क्यांत लपवलं होतं. प्रत्येक ठशाच्या चौकटीत एक देवनागरी अंक, आणि ते तीन अंक ओळीने वाचले की चौथ्या डब्याचे अंश. पाचव्याचा क्लू चौथ्यात. इथल्या लोकांना अंक वाचता येत नाहीत, म्हणून कागदावर लिहून ठेवलं होतं की अडलात तर विचारा. लोक मनापासून विचारायचे. डेव्हनमधले निवृत्त शिक्षक, शाळकरी मुलं, सगळ्यांना मी शून्य ते नऊ अंक लिहून पाठवले आहेत. ज्याने शेकरू नेला त्याच्या हातात पहिला अंक होता, पण तो विचारायला आला नाही.

माझ्या ओळखीचे एक वयस्कर लेटरबॉक्सर आहेत, या छंदात मुरलेले. त्यांचे सर्वांत सुंदर डबे कुठल्याच यादीत नाहीत, फक्त तोंडी सांगितले जातात. ते म्हणाले, क्लू द्यायचा तो माणूस बघून दे. मला पूर्ण तोंडी मालिका नको आहे. नवीन माणसाला, ज्याची कोणाशी ओळख नाही त्याला, मूरवर आल्या दिवशी एक तरी डबा सापडायला हवा. म्हणून मधला मार्ग काढते आहे: पहिला डबा सर्वांसाठी उघडा, आणि दुसऱ्यापासून पुढे एकदा तरी माझ्याशी बोलावं लागेल.

पहिल्या डब्यात आता साधा शिक्का राहील, ताम्हणाच्या एका पाकळीचा. तो गेला तरी संध्याकाळभरात दुसरा कापता येतो. शेकरू शेवटच्या डब्यात जाईल. त्याचं काम सुरू आहे. मूळ चित्र ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीने काढलेलं होतं, ते जपून ठेवल्याचं चीज झालं. कागद रबरावर पालथा टाकून चमच्याच्या पाठीने घासला की चित्र आपोआप उलटं उतरतं, अक्षरांचा आरसा वेगळा काढावा लागत नाही. शेपटीचे केस सर्वांत बारीक व्ही पात्याने, टोकाकडून बुडख्याकडे. देवनागरी कापणाऱ्यांसाठी एक गोष्ट: शिरोरेषा अक्षराच्या दांड्यापेक्षा जाड ठेवा आणि तिच्या दोन्ही बाजूंचं रबर उतरतं कापा, सरळ खाली नको. सरळ कापलेली रेषा शंभरेक ठशांत वाकते आणि मग "शे" ची मात्रा शाई धरत नाही. पहिल्या शेकरूवर नेमकं तेच सुरू झालं होतं.

यापुढे प्रत्येक शिक्क्याची जोडी कापणार आहे, एक मूरवर आणि एक घरी. वहीही पूर्ण भरेपर्यंत ठेवणार नाही. पातळ वही ठेवून ती दर ऋतूला बदलायची आणि भरलेली घरी आणायची. डबीच्या झाकणाच्या आत एक चिठ्ठी चिकटवते आहे, मराठीत आणि इंग्रजीत: हा डबा कोणाचा, कशासाठी, आणि इथे नको असेल तर कुठे कळवायचं. गवताचं ढेकूळ कोंबणाऱ्यासाठीच ती आहे.

सध्याची स्थिती अशी. आंबा आणि ब्लू मॉर्मन चालू आहेत, पण त्यांचे अंश शोधायला लागणारे ठसे गेल्यामुळे मला थेट विचारा, सांगेन. पाकळीचा डबा जूनच्या सुरुवातीलाच ठेवीन, नेचे फार वाढण्याआधी. हरियालसाठी नवी जागा हवी आहे. ग्रॅनाइटची कोरडी सांद, पायवाटेपासून दूर, जुन्या अवशेषांपासून त्याहून दूर, आणि लहान मुलांना घसरायची भीती नाही अशी. प्लिमथ, एक्सेटरकडच्या कोणाला माहीत असेल तर जाहीर लिहू नका, मला वैयक्तिक कळवा. आणि ऑक्टोबरनंतर शेकरूच्या वहीत ज्यांनी काही लिहिलं वा काढलं होतं, त्यांच्याकडे त्या पानाचा फोटो असेल तर पाठवा. नव्या वहीच्या सुरुवातीला ती पानं चिकटवायची आहेत.