पंचेचाळिशीनंतरचं पोट आणि इन्सुलिन

माझ्या ताईच्या मानेवर मागच्या बाजूला काळपट, जाडसर पट्टा आलाय, बिचारी रोज अंघोळीच्या वेळी बेसन-लिंबू लावून घासते, पण तो मळ नाहीच ना, रक्तात इन्सुलिन (साखर पेशींत पोचवणारं हार्मोन) सतत जास्त राहिलं की त्वचा अशी होऊ शकते. डॉक्टरला दाखव म्हणून मागे लागलेय मी तिच्या.

होतं काय, की पेशी इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत, मग स्वादुपिंड अजून इन्सुलिन सोडतं, आणि ते जास्त असलं की साठलेली चरबी सहज बाहेर पडत नाही. त्यात पाळी जायच्या सुमारास इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन कमी होतं, मांड्यांवरची चरबी पोटावर यायला लागते, आणि साखर वापरणारे स्नायूही वयाने घटतात. म्हणून "तेवढंच खाते तरी सुटतेय" म्हणणारी बाई खोटं बोलत नसते, प्लीज तिला टोमणे मारू नका!

आणि बारीक लोकांनीही गाफील राहू नये. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो छापला होता, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, पण अंगातली चरबी सहकाऱ्याची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२!

त्यामुळे वजनकाट्यापेक्षा टेप घ्या, कंबर बाईची ८० आणि पुरुषाची ९० सेंटीमीटरच्या वर असेल तर एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) करून घ्या, ५.७ ते ६.४ टक्के म्हणजे प्रीडायबेटिस, मधुमेहाचा उंबरठाच. जेवणात भात-पोळी थोडी कमी, उसळ जास्त, जेवल्यावर शतपावली, आणि वजनं उचलायचा व्यायाम बायकांनीही करायचाच.