बीएमएसच्या पीसीतला पासवर्ड आणि माझी एक फुकटची रात्र

मी हिंजवडीत एका ऑफिस बिल्डिंगच्या फॅसिलिटीत आहे. एसीचं पाणी थंड करणारा चिलर, हवा खेळवणारे एएचयू, पंप सगळं बीएमएसवर, म्हणजे बिल्डिंगची यंत्रं एका स्क्रीनवरून बघायच्या-चालवायच्या सॉफ्टवेअरवर, आणि त्या बीएमएसचा पीसी बेसमेंटमध्ये पंप रूमला लागून.

सुरुवात झाली अलार्मच्या मेलवरनं. संपचं (खालच्या पाण्याच्या टाकीचं) पाणी हाय लेव्हलला गेलं तरी मेल आला नाही, म्हणून मेलची सेटिंग शोधत मी प्रोग्रॅमडेटातल्या सॉफ्टवेअरच्या फोल्डरमध्ये शिरलो, कॉन्फिगची, म्हणजे सेटिंग्जची फाइल नोटपॅडमध्ये उघडली, तर पोर्ट नंबरच्या खालच्याच ओळीत मेलचा पासवर्ड, सरळ वाचता येईल असा. त्याखाली डेटाबेसचा, तो जरा विचित्र अक्षरांत आणि शेवटी दोन बरोबरची चिन्हं. म्हटलं चला, हा तरी एन्क्रिप्ट केलाय. कसलं काय, ते बेस६४ निघालं, म्हणजे कुलूप नाही, नुसती लिहायची वेगळी पद्धत, कोणीही उलटवू शकतो. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये कमांडची एक ओळ आणि पासवर्ड समोर. आणि हे सगळं मी ऑपरेटरच्या साध्या लॉगिनमधून बघत होतो, अ‍ॅडमिनच्या नाही.

व्हेंडरला फोन केला. "सर, सगळ्या साइटवर असंच असतं. पीसी इंटरनेटला नाहीये ना? मग कोणीतरी समोर येऊन बसल्याशिवाय काय होणारे?"

अहो पण समोर कोण बसत नाही ते सांगा! तीन शिफ्टचे ऑपरेटर, एएमसीची (देखभालीच्या वार्षिक कंत्राटाची) पोरं, पेस्ट कंट्रोलवाला, आणि रात्री मोबाइल चार्ज करायला येणारे सिक्युरिटीचे मामा, ते पण त्याच पीसीच्या यूएसबीला लावतात. 'लोकल अटॅकर', म्हणजे पीसीसमोर बसूनच हल्ला करू शकणारा, असं म्हटलं की लोक निवांत होतात, आमच्या बेसमेंटमध्ये सगळेच लोकल. मॅनेजर साहेबांना पटत नव्हतं, मग त्यांना टार्गेटचं सांगितलं, अमेरिकेतली मोठी दुकानांची चेन, २०१३ मध्ये तिथून ४ कोटी कार्डांचे नंबर गेले आणि चोर आत शिरले होते एसी-रेफ्रिजरेशनच्या कंत्राटदाराचं लॉगिन वापरून. एसीवाल्याचं म्हटल्यावर साहेब खुर्चीत सरळ बसले. रविवारी काम करायची परवानगी मिळाली.

पहिली चूक माझीच. फोल्डरच्या सिक्युरिटीत जाऊन 'यूजर्स' ग्रुपला, म्हणजे पीसीवरच्या सगळ्या साध्या यूजरना, डिनाय (मनाई) करून टाकलं, म्हटलं झालं काम. पण बीएमएसची सर्व्हिस, म्हणजे मागे सतत चालणारा प्रोग्रॅम, ज्या अकाउंटवर चालते ते अकाउंटपण यूजर्समध्येच मोडतं, आणि विंडोजमध्ये डिनाय आधी बघतात, अलाव (परवानगी) नंतर. चालू सर्व्हिसने फाइल आधीच वाचलेली होती म्हणून काही कळलं नाही. रात्री पीसी रिस्टार्ट झाला आणि सर्व्हिस उठेचना, ग्राफिक्सवर सगळीकडे प्रश्नचिन्हं. दीडला ऑपरेटरचा फोन, "साहेब, चिलर गेला वाटतं." चिलर मस्त चालू होता, यंत्रं प्रत्यक्ष चालवणारे डीडीसी कंट्रोलर आपापलं काम करतच असतात, आंधळे झालो होतो ते आम्ही. वाकडच्या घरून परत बेसमेंटमध्ये जाऊन डिनाय काढला. मग नीट केलं, इनहेरिटन्स (वरच्या फोल्डरच्या परवानग्या आपोआप खाली लागू होणं) बंद, यूजर्स ग्रुपच यादीतून काढला, फक्त सिस्टीम, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स आणि सर्व्हिसचं अकाउंट ठेवलं.

त्यानंतरचं शोधकाम खरं कंटाळवाणं. जुन्या पासवर्डची पहिली चार अक्षरं आणि बेस६४वालं रूप, दोन्ही विंडोजच्या फाइंडस्ट्र या शोधायच्या कमांडने सी आणि डी ड्राइव्हभर शोधली. पाच ठिकाणी सापडली! डी ड्राइव्हवरचे दोन बॅकअप, एक डीबग लॉग (चुका शोधायला प्रोग्रॅम लिहून ठेवतो ती नोंद), आणि डेस्कटॉपवर 'फायनल ओल्ड' नावाच्या फोल्डरात दोन कॉप्या. आता मूळ फाइलला कुलूप घालून उपयोग काय? कॉप्या उडवल्या, बॅकअप अ‍ॅडमिनशिवाय दिसणार नाही अशा जागी नेले, आणि दोन्ही पासवर्ड बदलले. बदलायलाच पाहिजेत, आधी कोणी वाचून ठेवला असेल ते कसं कळणार?

व्हेंडरच्या मागे लागून नवीन व्हर्जन घेतलं, त्यात पासवर्ड डीपीएपीआयने, म्हणजे विंडोजमध्येच असलेल्या गुपितं कुलूपबंद ठेवायच्या सोयीने, एन्क्रिप्ट होतो. इथेपण एक खोच आहे. इन्स्टॉल करणाऱ्या पोराने सवयीने 'मशीन' पर्याय निवडला होता, त्यात त्या पीसीवरचा कोणताही यूजर प्रोग्रॅम चालवून पासवर्ड परत उलगडू शकतो, म्हणजे आमच्या प्रश्नाला उत्तरच नाही. बदलून सर्व्हिसच्या अकाउंटला बांधून घेतलं. तोटा एवढाच की पीसी मेला तर बॅकअपमधले पासवर्ड नव्या पीसीवर उघडणार नाहीत, हाताने टाकावे लागतील, म्हणून ते बंद पाकिटात साहेबांच्या कपाटात.

पेनड्राइव्हवरून बूट केलं तर या परमिशन कोण विचारतो, म्हणून बिटलॉकर लावला, म्हणजे विंडोजचं अख्खी डिस्क एन्क्रिप्ट करणारं कुलूप. पीसी सुरू होताना विचारला जाणारा पिन मात्र नाही ठेवला. लाइट जाऊन आली की पीसी आपोआप उठायला हवा, रात्री दोनला पिन टाकायला मी पुन्हा वाकडवरनं येणार नाही.

शेवटी ऑपरेटरच्या लॉगिनमधून तीच फाइल उघडली. अ‍ॅक्सेस डिनाइड. मामा मागेच उभे होते, म्हणाले, "बिघडलं का ओ परत?"

एक गोष्ट अजून राहिलीय. तिन्ही शिफ्टला एकच लॉगिन आहे. वेगळे करून दिले होते, पण शिफ्ट बदलताना लॉगआउट केलं की मिनिटभर अलार्मची स्क्रीन जाते, त्यामुळे कोणी लॉगआउटच करत नाही, आणि खरं सांगायचं तर संप भरत असेल तेव्हा मीपण करणार नाही.