सिप्रो, स्कूप आणि सराफाचा काटा

संध्याकाळचे पावणेसात, आमच्या औषधांच्या दुकानात ऐन गर्दी. एक मुलगा काउंटरच्या कडेला थांबून राहिला आणि बाकीचे गेल्यावर हळूच म्हणाला, "मॅडम, झोपेची एखादी गोळी मिळेल का? चार रात्री डोळाच लागला नाही."

डॉक्टरांची चिठ्ठी नव्हती. अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे औषधांच्या कडक नोंदीच्या यादीत येते. ती चिठ्ठीशिवाय देता येत नाही, आणि दिली की डॉक्टर व रुग्णाची नोंद वेगळ्या रजिस्टरमध्ये करून ते तीन वर्षं सांभाळावं लागतं. 'नाही' म्हणून पुढचं गिऱ्हाईक घेता आलं असतं. पण पाकीट काढताना त्याची बोटं थरथरत होती आणि पंख्याखाली उभा असूनही कपाळ ओलं होतं. त्याला आतल्या स्टुलावर बसवलं आणि नाडी पूर्ण एक मिनिट मोजली. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं की चुकणारे ठोके निसटतात. बसल्या जागी ११८, आणि मधेच एखादा ठोका गळत होता. मशीनवर बीपी १५२/९४. वय २१, वजन ६२ किलो.

चहा किती? एक कप. तंबाखू? नाही. सर्दीची गोळी, दम्याचा पंप? नाही. "आणखी काही घेतोस का?" यावरही आधी नाहीच म्हणाला. मग, "पावडर घेतो, पण ती काय औषध नाही. आणि तीन आठवडे घेतोय, कधी काही झालं नाही."

तो पोलीस भरतीची तयारी करत होता. १६०० मीटर धावण्याला २० गुण असतात आणि पूर्ण गुणांसाठी ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत यावं लागतं. तो ५.४० ला अडकला होता. अकादमीतल्या सरांनी प्री-वर्कआउटचा, म्हणजे व्यायामाआधी घ्यायच्या कॅफिनवाल्या पावडरीचा डबा दिला होता, अर्थात विकत. मैदानावर शिट्टी वाजवणाऱ्यानेच डबे विकावेत हे मला मुळीच पटत नाही. मुलं त्यांच्यापुढे प्रश्न विचारत नाहीत.

पण तीन आठवडे सोसलेली पावडर चार दिवसांपूर्वीच का बिघडली? संगणकावर त्याचं नाव टाकलं. चार दिवसांपूर्वीचं बिल निघालं: सिप्रोफ्लॉक्सासिन (सिप्रो) ५०० हे अँटिबायोटिक, गोळ्या १४, सकाळ-संध्याकाळ सात दिवस. लघवीच्या जळजळीसाठी, डॉक्टरांच्या रीतसर चिठ्ठीवर. बिल माझ्या हातचं होतं. तो तेव्हा इतका अवघडला होता की मी मुद्दाम भराभर पुडी बांधली आणि "गोळ्या पूर्ण कर" एवढंच सांगून सोडलं.

कॅफिन यकृतात मोडतं ते मुख्यतः सीवायपी१ए२ या एन्झाइममुळे. सिप्रो नेमकं त्यालाच अडवतं. निरोगी माणसाच्या अंगातलं कॅफिन साधारण पाच तासांत निम्मं होतं. सिप्रो चालू असताना तेच आठ-नऊ तासांवर जाऊ शकतं. हा मुलगा पहाटे सव्वापाचला पावडरीचा एक स्कूप (डब्यातला मापाचा चमचा) घेई आणि संध्याकाळी साडेपाचला दुसरा. पाच तासांच्या हिशेबाने सकाळच्या मात्रेचा संध्याकाळी जेमतेम पाचवा हिस्सा उरतो. साडेआठ तासांच्या हिशेबाने तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त, आणि त्यावर नवी मात्रा. चार दिवस ही रास चढत गेली. फार्मसीच्या पुस्तकात ही जोडी ठळकपणे दिलेली असते. परीक्षेत मी ती लिहिलीही आहे.

नाडी ठोके गाळत असताना घरी पाठवणं शक्य नव्हतं. एका कागदावर चार ओळी लिहिल्या: सिप्रो ५०० कधीपासून, कॅफिन किती आणि किती वाजता, नाडी, बीपी. त्याच्या मित्राबरोबर त्याला ग्रामीण रुग्णालयात धाडलं आणि ड्यूटीवरच्या डॉक्टरांना फोन केला. ईसीजीत वेगवान ठोके आणि मधे मधे जादा ठोके दिसले, पोटॅशियम थोडं कमी निघालं. जास्त कॅफिन पोटॅशियम खाली ओढतं. रात्रभर ठेवून घेतलं, अँटिबायोटिक बदललं.

दुसऱ्या दिवशी मित्राने डबा आणून दिला. एफएसएसएआय या अन्न परवाना देणाऱ्या सरकारी संस्थेचा १४ आकडी क्रमांक होता, त्यांच्या फॉसकॉस संकेतस्थळावर तो खराही निघाला. त्यावरून कंपनीचा परवाना खरा आहे एवढंच कळतं, आतली मात्रा कळत नाही. मी आधी डीएमएए हे धोकादायक उत्तेजक शोधलं. २०१२ च्या लंडन मॅरेथॉनमध्ये शेवटच्या मैलात कोसळून मरण पावलेल्या तरुणीच्या पेयात हेच होतं. लेबलवर ते मिथिलहेक्सेनअमिन किंवा जिरेनियमचा अर्क अशा नावांनीही येतं. इथे नव्हतं. योहिम्बिन, कडू संत्र्याचा सिनेफ्रिन ही दुसरी उत्तेजकंही नाहीत. लेबलवर असं संशयास्पद काही नाही.

८ ग्रॅमच्या स्कूपमध्ये सिट्रुलिन मॅलेट ३ ग्रॅम, बीटा-अॅलानिन २ ग्रॅम, क्रिएटिन १ ग्रॅम, टॉरिन १ ग्रॅम, कॅफिन ३०० मिलिग्रॅम, उरलेला रंग-चव-आंबटपणा. सिट्रुलिन मॅलेटचा उपयोग तपासला गेलाय तो ६ ते ८ ग्रॅमवर. क्रिएटिन रोज ३ ते ५ ग्रॅम लागतं. बीटा-अॅलानिन ३.२ ग्रॅमच्या पुढे, तेही सलग चार आठवडे, कारण ते स्नायूंत हळूहळू साठतं. त्या दिवशी घेतलं म्हणून त्या दिवशी काही होत नाही. म्हणजे बाकी सगळं अर्धं-पाव आणि कॅफिन तेवढं भरपूर. ते स्वस्त असतं आणि त्याचा झटका लगेच जाणवतो. याची मला मनापासून चीड येते. वर चेहऱ्याला आणि कानांना मुंग्या येतात त्या बीटा-अॅलानिनच्या, ८०० मिलिग्रॅमच्या पुढे बहुतेकांना येतात आणि तासाभरात जातात. अपाय नाही, पण मुलं त्यालाच 'पावडर चढली' म्हणतात. तिसऱ्या आठवड्यात चढेनाशी झाली म्हणून यानं स्कूप शीग लावून भरायला सुरुवात केली होती.

ती शीग किती, हे मला पाहायचं होतं. आमच्याकडे इतकं बारीक तोलणारा काटा नाही. शेजारच्या सराफांनी त्यांच्या काट्यावर कागद ठेवून दिला. सपाट स्कूप ८.१ ग्रॅम. मित्राने तो मुलगा भरतो तसा दाबून, शीग लावून भरला: १२.४ ग्रॅम. म्हणजे एका वेळी ४६५ मिलिग्रॅम कॅफिन, दिवसाला ९३० आणि वर चहा. निरोगी प्रौढाला दिवसभरात ४०० पर्यंत आणि एका वेळी २०० पर्यंत ठीक मानतात. खेळाडूंसाठी किलोमागे ३ ते ६ मिलिग्रॅम सांगतात. याचं साडेसात होत होतं, तेही कोरडी पावडर तोंडात टाकून वर घोटभर पाणी. त्यात पावडर श्वासनलिकेत जायची भीती असते. निदान २५०-३०० मिली पाण्यात विरघळवून घ्यायला हवी होती.

काट्यावर आणखी एक गोष्ट कळली. पावसाळी हवेत डब्याच्या तळाशी खडे झाले होते. ते फोडून भरलेला सपाट स्कूप ९.६ ग्रॅम भरला. स्कूप हे मापच भरवशाचं नाही, म्हणून मी आता पाव स्कूपपासून सुरू करा म्हणते आणि संध्याकाळी चारनंतर नकोच म्हणते.

तो तिसऱ्या दिवशी दुकानात आला तेव्हा आणखी दोन गोष्टी बाहेर पडल्या. सकाळची सिप्रो तो व्हे (दुधाची प्रोटीन पावडर) आणि दुधाबरोबर घ्यायचा. दुधातलं कॅल्शियम सिप्रोला बांधून ठेवतं, आतड्यातून नीट शोषू देत नाही. गोळी अशा गोष्टींच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यायला हवी. म्हणजे पोटात गेलेल्या सिप्रोतली किती कामाला आली, कोण जाणे. आणि टाचेच्या वर दुखतंय म्हणाला. या गटातली अँटिबायोटिक्स स्नायुबंध दुबळे करू शकतात, टाचेचा सगळ्यात आधी. अमेरिकेत २००८ पासून त्यांच्यावर ठळक चौकटीतला इशारा आहे. रोज १६०० मीटर पळणाऱ्याला सिप्रो देताना हे एक वाक्य सांगायला मला दहा सेकंद लागले असते. त्याला धावणं थांबवून पुन्हा डॉक्टरांकडे पाठवलं.

पावडर बंद केल्यावर डोकं ठणकणार हेही बजावलं. ते बारा ते चोवीस तासांत सुरू होतं आणि काही दिवस टिकतं. त्यासाठी साधी पॅरासिटामॉल घे, मागची बाजू वाचून. डोकेदुखीच्या कित्येक गोळ्यांत पुन्हा कॅफिनच असतं.

मालक म्हणतात, प्रत्येकाला इतकं विचारत बसलो तर रांग रस्त्यावर जाईल. रांग जाते, हे खरं आहे. तरी सिप्रोच्या कप्प्यावर मी चिठ्ठी चिकटवली आहे: 'पावडर? कॉफी? दूध? पळतो का?' काउंटरवरचा पोरगा ती चारपैकी दोनदा वाचतो.

जाताना मुलाला विचारलं, डबा कुठे आहे?

"रूमवरच्या पोराला दिला. निम्मा शिल्लक होता, पैसे वाया कशाला घालवायचे."

त्याचं वजन किती, विचारलं. "असेल चोपन्न-पंचावन्न."

त्या मुलाला घेऊन ये म्हणून सांगितलं आहे. अजून आलेला नाही.