टँकवा कारू: सायस्मिकवाल्यांनी जावंच, पण आधी टायर बघावेत

टँकवा कारू हा दक्षिण आफ्रिकेतला ओसाड, खडकाळ भाग. सायस्मिकवाले म्हणजे जमिनीत ध्वनिलहरी सोडून, परत आलेल्या लहरींवरून खडकांचे थर ओळखणारे. तिकडे जायला केप टाउनला गाडी भाड्याने देणाऱ्याने "साधी गाडी आरामात जाते" असं छातीठोक सांगितलं. विश्वास ठेवू नका. सेरेस सोडून कारूपोर्टच्या पुढे आर-355 वर डांबर संपतं आणि शेल या चिखलापासून बनलेल्या पापुद्र्यांच्या खडकाचे धारदार तुकडे सुरू होतात. ते टायरची बाजूच चिरतात, मग पंक्चर काढून भागत नाही. आमचा मागचा टायर असाच गेला आणि गाडी परत करताना चारही टायरांचे पैसे लावले! भांडून काही उपयोग झाला नाही, करारात टायर विम्याबाहेर होते. सही करण्याआधी ती ओळ शोधा. उंच गाडी, दोन स्टेपन्या, वेग साठच्या आत. पेट्रोल सेरेसलाच भरा, पुढे मोबाइललाही रेंज नाही.

एवढा त्रास कशासाठी? पर्मियन काळात खोल समुद्राच्या तळावर साचलेले फॅन, म्हणजे प्रवाहांनी पंख्यासारखे पसरलेले वाळू-चिखलाचे थर, इथे उघड्या कड्यांत जवळजवळ आडवे दिसतात. केपचे डोंगर उभे राहताना खडकांना ज्या घड्या पडल्या, त्यांनी इथले थर फारसे मोडलेले नाहीत. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या समुद्राखालच्या अशाच थरांचा सायस्मिक डेटा बघणाऱ्याने तर इथे यावंच. खडकातल्या लहरींचा वेग सेकंदाला 3000 मीटर आणि फ्रीक्वेन्सी 30 हर्ट्झ धरली, तर तरंगलांबी 100 मीटर. तिच्या पाव भागापेक्षा, म्हणजे साधारण 25 मीटरपेक्षा पातळ थराचा माथा आणि तळ वेगळे दिसत नाहीत. कड्यापाशी उभं राहिलं की त्या 25 मीटरांत काय काय दडलंय ते कळतं: जाड वालुकाश्म, मध्येच करंगळीएवढा शेलचा पट्टा, पुन्हा वालुकाश्म. तो पट्टा बोटाने चाचपत पुढे गेलो तर एका जागी तो संपला. वरच्या प्रवाहाने तो खरवडून नेलाय, तळाशी चिखलाच्या चपट्या गोट्या अडकल्यात. तेल किंवा वायू वरखाली जाईल की नाही, हे अशाच पट्ट्यांवर ठरतं, आणि स्क्रीनवर त्यांचा मागमूसही नसतो. मी तिथून हललोच नाही!

आधी दक्षिणेला ओंगेलुक्स नदीकाठची चॅनेलं, म्हणजे जुन्या प्रवाहांनी कोरलेल्या आणि वाळूने भरलेल्या घळी, बघा, मग उत्तरेला स्कूरस्टीनबर्गकडचे पसरट थर. इथल्या फॅनांना क्रमांक दिलेत, त्यातल्या फॅन 3 चा प्रवाह त्याच दिशेने वाहत होता, उलटं गेलात तर डोक्यात गोंधळ होतो. जमिनी खाजगी शेतांच्या आहेत, मालकांची परवानगी आधीच घ्या. डिसेंबर-जानेवारीत मुळीच जाऊ नका, पारा चाळिशी ओलांडतो आणि कड्यावर सावली नाही.